नवा राउटर घेण्याआधी: घरातल्या वाय-फायचा वेग कसा मोजायचा, कसा वाढवायचा आणि पुढे काय येतंय

राउटरच्या खोक्यावर ‘५४००’ लिहिलेलं असतं, इंटरनेटची जोडणी ३०० मेगाबिटची असते आणि आतल्या खोलीत फोनवर वेग तपासला की ४० दिसतात. तिन्ही आकडे खरे असतात, पण ते वेगवेगळ्या गोष्टींचे असतात. त्यांची सरमिसळ झाली की लोक नवा राउटर घेऊन येतात आणि आतल्या खोलीतली रड तशीच राहते.

माझ्या घरातलं नेटवर्क मी वाय-फाय ४ पासून वाय-फाय ७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलत आणलं. त्यातून माझं मत पक्कं झालंय: आधी मोजावं, मग जागा आणि सेटिंग सुधारावीत, खरेदी सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. तुम्हाला नेटवर्कची काहीच माहिती नाही असं धरून लिहिलंय, तेव्हा एखादी गोष्ट आधीच ठाऊक असेल तर ती पायरी भरभर वाचून पुढे जा. मोजण्याची पायरी मात्र वगळू नका.

हाताशी काय ठेवाल

- नेटवर्क केबलचं पोर्ट असलेला लॅपटॉप. पोर्ट नसेल तर गिगाबिटचा, म्हणजे १००० मेगाबिटचा, यूएसबी अडॅप्टर.
- चांगल्या स्थितीतली कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल.
- फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं ॲप. आजूबाजूची नेटवर्कं कोणत्या चॅनेलवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या कोणत्या मार्गिकेवर, आहेत ते त्यात दिसतं.
- राउटरचं सेटिंग पान उघडण्याचा पत्ता आणि पासवर्ड. बहुतेक राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर तो छापलेला असतो.
- इंटरनेट सेवेचा कागद, ज्यावर डाउनलोड आणि अपलोड असे दोन्ही वेग लिहिलेले आहेत.
- कागदावर हाताने काढलेला घराचा आराखडा. हा मनात ठेवू नका, खरंच काढा.

## १. पिढ्यांची नावं एकदाच नीट समजून घ्या

वाय-फायचं मानक आयईईई ही अभियंत्यांची संस्था ठरवते आणि त्याचा क्रमांक आहे ८०२.११. पहिलं मानक १९९७ मध्ये आलं, त्याचा वेग होता १ ते २ मेगाबिट. नंतरच्या प्रत्येक सुधारणेला अक्षर मिळत गेलं: बी, ए, जी, एन, एसी, एएक्स. या अक्षरांवरून ग्राहकाला नवं कोणतं आणि जुनं कोणतं हे कळायचं नाही, म्हणून वाय-फाय अलायन्स या उत्पादकांच्या संघटनेने २०१८ मध्ये सरळ क्रमांक द्यायला सुरुवात केली.

- वाय-फाय ४, म्हणजे ८०२.११एन, २००९. बँड (रेडिओ लहरींचे पट्टे, चॅनेल हे त्यांचे तुकडे) २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. अनेक अँटेनांवरून एकाच वेळी वेगवेगळा डेटा पाठवण्याचं तंत्र इथे आलं.
- वाय-फाय ५, म्हणजे ८०२.११एसी, २०१३. फक्त ५ गिगाहर्ट्झ. ८० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल घराघरांत पोहोचले.
- वाय-फाय ६, म्हणजे ८०२.११एएक्स. उपकरणांना प्रमाणपत्रं २०१९ पासून, मानक पूर्ण झालं २०२१ मध्ये. एकाच चॅनेलचे तुकडे करून एकाच वेळी अनेक उपकरणांना वाटणं ही याची खरी देणगी.
- वाय-फाय ६ई. तंत्र ६ चंच, पण नवा ६ गिगाहर्ट्झ बँड वापरता येतो.
- वाय-फाय ७, म्हणजे ८०२.११बीई. प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ पासून, मानकाला मंजुरी सप्टेंबर २०२४ मध्ये. ३२० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद चॅनेल, आणि एकाच जोडणीत दोन-तीन बँड वापरण्याची सोय (मल्टी-लिंक).
- वाय-फाय ८, म्हणजे ८०२.११बीएन. मानकाचं काम चालू आहे. त्याबद्दल शेवटच्या पायरीत.

तारखा नीट पाहिल्यात तर एक गोष्ट लक्षात येईल. मानक कागदावर पूर्ण व्हायच्या आधीच उपकरणं बाजारात येतात. म्हणून नव्या पिढीचं यंत्र घेताना खोक्यावर नुसता क्रमांक बघू नका, वाय-फाय अलायन्सचं प्रमाणपत्र आहे का तेही बघा. जुन्या-नव्याचं जमेल का ही चिंता मात्र नको: जुना फोन नव्या राउटरला जोडला जातो आणि नवा फोन जुन्या राउटरला. दोघांपैकी जो जुना, त्याच्या पिढीनुसार दोघं बोलतात.

## २. तीन वेग वेगळे ओळखायला शिका

पहिली गोष्ट एककाची. इंटरनेटचा वेग सेकंदाला किती मेगाबिट असा सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. ८ बिट मिळून १ बाइट. म्हणजे ३०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल उतरवताना सेकंदाला ३७ मेगाबाइट दिसले तर काहीही बिघडलेलं नाही.

आता ते तीन वेग. जोडणीचा वेग म्हणजे बाहेरून घरात येणारा, तुमच्या सेवेच्या कागदावर लिहिलेला. लिंक वेग म्हणजे फोन आणि राउटर यांनी त्या क्षणी आपसात ठरवलेला रेडिओचा वेग. प्रत्यक्ष वेग म्हणजे वेग तपासण्याच्या ॲपमध्ये दिसतो तो. प्रत्यक्ष वेग साधारणपणे लिंक वेगाच्या निम्मा ते दोन-तृतीयांश असतो, आणि हे सदोषपणाचं लक्षण नाही. वाय-फायमध्ये पाठवणं आणि ऐकणं एकाच चॅनेलवर आळीपाळीने चालतं, प्रत्येक तुकडा पोहोचल्याची पावती यावी लागते, आणि बोलण्याआधी हवा मोकळी आहे का हे ऐकत थांबावं लागतं.

हा पाळीचा भाग नीट समजला की घरातल्या बऱ्याच कोड्यांची उत्तरं मिळतात. सभागृहात एकच माइक असावा आणि प्रत्येकाने पाळी आल्यावर बोलावं, तसा एका चॅनेलवरचा व्यवहार असतो. जो हळू बोलतो तो सगळ्यांचा वेळ खातो. हिशोब करून पाहा: १ मेगाबाइटची फाइल म्हणजे ८ मेगाबिट. ६०० मेगाबिटच्या लिंकवर ती पाठवायला सेकंदाचा सुमारे सत्तरावा-पंचाहत्तरावा भाग लागतो. घराच्या टोकाला असलेल्या, ६ मेगाबिटवर घसरलेल्या उपकरणाला तीच फाइल पाठवायला सव्वा सेकंदाहून जास्त. तेवढी हवा बाकीच्यांना मिळत नाही. त्यामुळे गच्चीतला एक अशक्त कॅमेरा दिवाणखान्यातल्या व्हिडिओ कॉलला अडखळवू शकतो, जरी दिवाणखान्यात सिग्नल भरपूर असला तरी.

## ३. मोजा: आधी केबलने, मग जवळून, मग खोलीखोलीत

केबलने. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, केबल थेट राउटरला लावा आणि वेग तपासा. हा तुमचा पाया. इथेच कागदावरचा वेग मिळत नसेल तर वाय-फायवर कितीही मेहनत घेतली तरी उपयोग नाही, अडचण बाहेरच्या जोडणीत किंवा केबलमध्ये आहे.

इथला सापळा अगदी ठरावीक आहे. वेग ९४ मेगाबिटच्या आसपास येऊन अडकत असेल, दरवेळी तिथेच, तर बहुतेक वेळा केबलचा दोष असतो. केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, १०० मेगाबिटला चार पुरतात. एखादी तार तुटली किंवा प्लग सैल झाला की दोन्ही बाजू गुपचूप १०० वर उतरतात आणि कुठेही चूक दाखवत नाहीत. केबल बदला. तरी तेच असेल तर पोर्टच १०० मेगाबिटचं आहे का ते तपासा, स्वस्त राउटरमध्ये आणि बऱ्याच टीव्हींमध्ये तसं असतं. गिगाबिट पोर्टवर प्रत्यक्षात ९४० च्या आसपास मिळतात, त्याहून जास्त मिळायची अपेक्षा ठेवू नका.

जवळून. आता केबल काढा, वाय-फाय चालू करा, राउटरपासून दोन-तीन मीटरवर बसा आणि पुन्हा मोजा. सोबत लिंक वेगही लिहून ठेवा. विंडोजमध्ये जोडलेल्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये पिढी, बँड, चॅनेल आणि लिंक वेग एकत्र दिसतात. मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर नेटवर्कच्या तपशिलात दिसतं. आयफोनच्या सेटिंगमध्ये लिंक वेग दाखवत नाहीत, त्यामुळे या कामाला दुसरं उपकरण घ्या.

खोलीखोलीत. आता आराखडा घ्या आणि जिथे खरोखर बसता, झोपता, काम करता त्या प्रत्येक जागी प्रत्यक्ष वेग, पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) आणि सिग्नलची ताकद लिहा. सिग्नल डीबीएम या एककात मोजतात आणि आकडा ऋण असतो, त्यामुळे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो. उणे ७० च्या पलीकडे वेग झपाट्याने घसरतो आणि उणे ८० ला जोडणी नावापुरती उरते. आकडा ३ ने घसरला की ताकद निम्मी होते हे ध्यानात ठेवलं की एका भिंतीने किती नुकसान केलं ते लगेच कळतं.

हे सगळं दोन वेळा करा: एकदा गर्दीच्या वेळी, संध्याकाळी, आणि एकदा पहाटे किंवा दुपारी. फक्त संध्याकाळीच वेग पडत असेल आणि सिग्नलची ताकद तीच असेल, तर शेजारच्या नेटवर्कांची गर्दी किंवा सेवा देणाऱ्याकडची गर्दी हे कारण. केबलने संध्याकाळी मोजलं की दोहोंपैकी कोणतं ते ठरतं.

आणखी एक तपासणी बहुतेक लोक करत नाहीत, ती कराच. मोठी फाइल अपलोड करायला लावा आणि त्याच वेळी पिंग पाहा. एरवी १० मिलिसेकंद असणारा पिंग ३०० वर गेला, तर राउटर येणारा सगळा डेटा रांगेत साठवून ठेवतोय. कॉल अडखळणं, खेळात उशीर होणं याचं हे फार मोठं कारण आहे आणि त्याचा वाय-फायच्या पिढीशी काही संबंध नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस नावाची, ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय असेल तर चालू करा आणि तिथे प्रत्यक्ष मिळणाऱ्या अपलोड-डाउनलोड वेगाच्या सुमारे ९० टक्के मर्यादा घाला.

## ४. राउटरची जागा बदला

खर्च शून्य आणि फरक सगळ्यात मोठा. राउटर घराच्या मध्याशी, छातीच्या उंचीवर किंवा थोडा वर, उघड्यावर ठेवा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात, आरशाच्या किंवा माशांच्या टाकीच्या आड नको. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं, आणि आरशाच्या पाठीवर धातूचाच थर असतो. काँक्रीट आणि त्यातल्या सळया या सगळ्यात वाईट.

बाहेरून येणारी वायर कोपऱ्यात उतरत असेल तर राउटर तिथेच राहिला पाहिजे असं नाही. मोडेमपासून, म्हणजे बाहेरची वायर ज्या यंत्रात जाते तिथून, लांब केबल टाकून राउटर मध्यावर आणता येतो. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल गिगाबिट वेग १०० मीटरपर्यंत नेते.

बाहेर दिसणाऱ्या अँटेना एकाच मजल्यासाठी उभ्या ठेवा. लहर अँटेनाच्या टोकातून निघत नाही, तिच्या बाजूंना पसरते. वरच्या मजल्यावरही पोहोचायचं असेल तर एक अँटेना आडवी करा.

## ५. बँड, चॅनेल आणि रुंदी ठरवा

या पायरीला वेळ द्या. सेटिंग पानावर सगळं ‘ऑटो’ असतं आणि ऑटो नेहमी शहाणं नसतं.

२.४ गिगाहर्ट्झ दूर जातो, भिंती पार करतो, पण अतिशय गजबजलेला आहे. ब्लूटूथ इथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि यूएसबी ३ च्या डिस्क-केबलींमधूनही या बँडमध्ये गोंगाट गळतो. राउटरला यूएसबी ३ ची डिस्क जोडली असेल तर तिला लांब केबलने दूर ठेवा. चॅनेल अनेक दिसतात, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. मधला ३ किंवा ८ ‘मोकळा’ दिसला म्हणून निवडू नका. तिथे बसलात की दोन्ही बाजूंच्या नेटवर्कांचा गोंगाट तुम्हाला मिळतो आणि तुमचा त्यांना. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली तर आकडा वाढलेला दिसेल आणि वापर बिघडेल.

५ गिगाहर्ट्झ हा आज बहुतेक घरांचा कामाचा बँड. ३६ ते ४८ आणि १४९ च्या पुढचे चॅनेल साधे. ५२ ते १४४ मधले चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. तिथे सुरू होण्याआधी राउटरला किमान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं, आणि रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडावा लागतो. तुमच्या ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कचं नाव मधूनच गायब होऊन काही वेळाने परत येत असेल तर आधी हे तपासा. विमानतळ किंवा हवामान रडार जवळ नसेल तर मात्र हेच चॅनेल सगळ्यात शांत असतात, वापरून बघा.

६ गिगाहर्ट्झ मोकळा आहे, कारण इथे वाय-फाय ६ई च्या आधीचं एकही उपकरण येऊ शकत नाही. पण घरातल्या राउटरला इथे कमी शक्तीवर बोलावं लागतं आणि लहरी भिंतीत लवकर संपतात. त्याच खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे, एवढाच याचा भरवसा धरा. शिवाय हा बँड सगळीकडे सारखा खुला नाही. अमेरिकेने २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ असा पूर्ण १२०० मेगाहर्ट्झचा पट्टा खुला केला. युरोपने २०२१ मध्ये खालचा सुमारे ५०० चाच भाग दिला. दुबईला २०२३ मध्ये झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेत वरच्या भागाचा वापर जगाच्या काही विभागांत मोबाइल सेवांसाठीही ठरवला गेला. पूर्ण पट्ट्यात ३२० मेगाहर्ट्झचे तीन वेगळे चॅनेल बसतात, खालच्या भागात एकच. तुमच्या देशाचा नियम पाहिल्याशिवाय ३२० च्या आकड्यावर पैसे घालू नका.

आता रुंदी. रुंदी दुप्पट केली की जवळून वेग जवळपास दुप्पट होतो, पण तितकाच जास्त गोंगाटही रेडिओत शिरतो, म्हणजे पोहोच कमी होते. आणि जेवढा रुंद चॅनेल, तेवढे जास्त शेजारी त्यावर चढलेले. दाट वस्तीच्या इमारतीत ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ हा माझा कायमचा सल्ला. आजूबाजूला फार नेटवर्कं नसतील तरच १६०. एकदा एक बदल करा, पुन्हा मोजा, आराखड्यावर लिहा, मग पुढचा बदल.

## ६. खोक्यावरचा आकडा फोडून वाचा

एएक्स ५४०० म्हणजे ५४०० चा वेग नव्हे. राउटरच्या सगळ्या बँडांचे कमाल लिंक वेग मिळवून, वरून गोल करून तो आकडा बनतो: २.४ वर ५७४ आणि ५ वर ४८०४. एक उपकरण सहसा एका वेळी एकाच बँडवर असतं. शिवाय ४८०४ साठी दोन्हीकडे चार-चार अँटेना आणि १६० मेगाहर्ट्झ लागतात. बहुतेक फोन आणि लॅपटॉपना दोनच अँटेना असतात. म्हणून दोन अँटेनांच्या उपकरणाला मिळू शकणारा कमाल लिंक वेग (मेगाबिटमध्ये) हाच तुमच्या कामाचा आकडा:

- वाय-फाय ४, ४० मेगाहर्ट्झ: ३००
- वाय-फाय ५, ८० मेगाहर्ट्झ: ८६७
- वाय-फाय ६, ८० मेगाहर्ट्झ: १२०१
- वाय-फाय ६, १६० मेगाहर्ट्झ: २४०२
- वाय-फाय ७, १६० मेगाहर्ट्झ: २८८२
- वाय-फाय ७, ३२० मेगाहर्ट्झ: ५७६४

ही यादी जरा थांबून बघा. १६० वर वाय-फाय ६ आणि ७ मध्ये फरक फक्त २० टक्क्यांचा आहे. तो येतो एका संकेतात १० ऐवजी १२ बिट भरण्यातून, आणि तेवढे बिट ओळखू येण्यासाठी सिग्नल इतका स्वच्छ लागतो की राउटरच्या खोलीबाहेर तो लाभ जवळजवळ संपतो. बाकी सगळी उडी रुंदीची आहे. रुंदीला बँड लागतो. त्यामुळे पिढीच्या क्रमांकाआधी ‘यात कोणते बँड आहेत’ हा प्रश्न विचारा.

याच कारणाने एक सापळा सध्या फार दिसतो: बीई ३६०० प्रकारचे वाय-फाय ७ राउटर. त्यांची बेरीज ६८८ आणि २८८२ अशी असते, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, ६ गिगाहर्ट्झ नाहीच. ते वाईट नाहीत, प्रमाणपत्रही खरं असू शकतं, पण ३२० मेगाहर्ट्झ त्यांत कधीच मिळणार नाही. दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे मागची पोर्ट. वाय-फाय ७ चा आकडा कितीही असला आणि इंटरनेटचं पोर्ट १ गिगाबिटचं असलं, तर बाहेरचा वेग ९४० लाच थांबतो.

## ७. घ्यायचाच असेल तर कोणता घ्याल

गरज आधी मांडा. ४के व्हिडिओला १५ ते २५ मेगाबिट पुरतात, चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला ३-४. चौघांच्या घरात सगळं एकाच वेळी चालू असलं तरी १०० मेगाबिट स्थिरपणे मिळाले तर तक्रार उरत नाही. त्यातला ‘स्थिरपणे’ हा शब्द आकड्याहून मोठा आहे.

जोडणी ५०० मेगाबिटच्या आत आणि घर लहान असेल तर १६० मेगाहर्ट्झची सोय असलेला वाय-फाय ६ राउटर आजही पूर्णपणे पुरतो. गिगाबिटच्या वरची जोडणी असेल, घरातल्या घरात मोठ्या फाइली हलवत असाल किंवा इमारतीत ५ गिगाहर्ट्झ तुंबला असेल, तर ६ गिगाहर्ट्झसकट वाय-फाय ७ घ्या. मधला ६ई आता नव्याने घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

वाय-फाय ७ मधल्या मल्टी-लिंकबद्दल जाहिरातीत दोन बँडांच्या वेगांची बेरीज दाखवतात. बरेच फोन प्रत्यक्षात एका क्षणी एकाच बँडवर पाठवतात आणि अतिशय झटपट बँड बदलतात. फायदा खरा आहे, पण तो वेगापेक्षा अडथळा टाळण्यात आहे. तो मिळायला उपकरणही वाय-फाय ७ चं हवं. विंडोजवर त्यासाठी विंडोज ११ ची २४एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते.

## ८. घर मोठं असेल तर

आराखड्यावर उणे ७० च्या खालच्या जागा दोन-तीन खोल्यांत पसरलेल्या असतील तर एक राउटर, तो कितीही ताकदवान असो, पुरणार नाही. राउटरचा आवाज फोनपर्यंत पोहोचेल, पण फोनच्या छोट्या रेडिओचं उत्तर परत पोहोचलं पाहिजे ना!

साधा एक्स्टेंडर ऐकलेलं तेच पुन्हा त्याच चॅनेलवर बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. मेश म्हणजे एकच नेटवर्क घरभर पसरवणाऱ्या अनेक यंत्रांचा संच, त्यातलं प्रत्येक यंत्र म्हणजे नोड. मेशमध्येही नोड एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील तर हेच घडतं, फक्त तिसरा बँड त्या कामाला राखून ठेवला तर ते कमी जाणवतं. नोडपर्यंत केबल टाकता येत असेल तर टाकाच. केबलने जोडलेला जुन्या पिढीचा मेश हवेतून जोडलेल्या नव्या पिढीच्या मेशला सहज मागे टाकतो. हवेतूनच जोडायचं असेल तर नोड सिग्नल न पोहोचणाऱ्या खोलीतच ठेवू नका. राउटर आणि ती खोली यांच्या मध्ये, जिथे सिग्नल अजून उणे ६० च्या आसपास आहे तिथे ठेवा.

जुना राउटर दुसरा ॲक्सेस पॉइंट (नुसतं वाय-फाय पसरवणारं यंत्र) म्हणून वापरणार असाल तर त्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. नाहीतर घरात दोन वेगळी नेटवर्कं होतात आणि प्रिंटर एकात, लॅपटॉप दुसऱ्यात.

## ९. सुरक्षा

डब्ल्यूपीए३ ही वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत चालू करा. ६ गिगाहर्ट्झवर आणि वाय-फाय ७ च्या मल्टी-लिंकला ते लागतंच, आणि ते बंद असल्यामुळे ‘नवा राउटर घेतला तरी वाय-फाय ७ दिसत नाही’ अशी वेळ येते. जुने स्मार्ट दिवे, प्लग, कॅमेरे सहसा फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ ओळखतात. त्यांच्यासाठी वेगळ्या नावाचं पाहुण्यांचं नेटवर्क करा, म्हणजे मुख्य नेटवर्क त्यांच्यापायी कमकुवत ठेवावं लागत नाही. डब्ल्यूपीएसचा (पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याच्या सोयीचा) पिन बंद करा, त्यातली कमजोरी २०११ पासून जगजाहीर आहे. सेटिंग पानाचा मूळ पासवर्ड बदला. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, आपोआप अद्ययावत होऊ द्या, आणि घेण्याआधी कंपनी किती वर्षं सुरक्षा अपडेट देणार आहे ते शोधा.

## १०. वाय-फाय ८ ची वाट पाहायची का?

वाय-फाय ८ चा कमाल वेग वाय-फाय ७ एवढाच आहे: तेच ३२० मेगाहर्ट्झ, तेच १२ बिट. इतकी वर्षं प्रत्येक पिढीने मोठा आकडा आणला आणि या पिढीने तो मुद्दाम वाढवलेला नाही. मला ही आजवरची सगळ्यात समजूतदार दिशा वाटते. मानकाचं घोषित ध्येय आहे अतिशय उच्च विश्वासार्हता. वाय-फाय ७ च्या तुलनेत, सिग्नलची परिस्थिती तीच असताना वेग २५ टक्के जास्त, सगळ्यात वाईट क्षणांतला उशीर २५ टक्के कमी, आणि एका नोडवरून दुसऱ्यावर जाताना हरवणारा डेटा २५ टक्के कमी, अशी ती उद्दिष्टं आहेत. म्हणजे फायदा राउटरशेजारी बसणाऱ्याला नव्हे, तर आतल्या खोलीतल्या आणि घरभर फिरत बोलणाऱ्या माणसाला.

ते कसं साधणार? शेजारशेजारचे ॲक्सेस पॉइंट आज एकमेकांवर ओरडतात. वाय-फाय ८ मध्ये ते कोणी कधी आणि किती जोरात बोलायचं हे ठरवून घेतील. दूरच्या उपकरणांसाठी सावकाश पण खणखणीत बोलण्याची वेगळी पद्धत येते आहे. ६ गिगाहर्ट्झवर शक्तीची मर्यादा दर मेगाहर्ट्झमागे असते, म्हणून फोनला आपला सिग्नल विस्तीर्ण पट्ट्यात विखरून पाठवू द्यायचा, म्हणजे नियम न मोडता त्याची एकूण शक्ती वाढते. मुख्य चॅनेल व्यस्त असेल तर रिकाम्या पडलेल्या भागातून काम चालवणं हेही त्यात आहे.

चिप बनवणाऱ्यांनी २०२५ मध्येच वाय-फाय ८ च्या चिप जाहीर केल्या, पण मानकाला अंतिम मंजुरी २०२८ मध्ये अपेक्षित आहे. पहिली उपकरणं आधी येतील, फोन-लॅपटॉप हळूहळू बदलतील.

तेव्हा निर्णय असा घ्या. पायरी ३ ते ५ करून तुमची अडचण सुटली असेल तर आत्ता काहीही घेऊ नका, थांबणं फायद्याचं आहे. अडचण उरली असेल आणि ती आजची असेल, तर २०२८ ची वाट पाहत कुढत बसू नका, वर सांगितल्याप्रमाणे वाय-फाय ६ किंवा ७ घ्या. एकाच राउटरच्या घराला वाय-फाय ८ च्या आपसातल्या समन्वयाचा लाभ कमी होईल, तो प्रामुख्याने दोन किंवा जास्त नोड असलेल्या घरांचा आहे आणि त्यासाठी सगळे नोड त्या पिढीचे लागतील. म्हणून आज मेश उभा करत असाल तर खर्चाचा मोठा वाटा नोडपर्यंत जाणाऱ्या केबलीवर करा. भिंतीतून टाकायची असेल तर कॅट ६ए टाका, ती १०० मीटरपर्यंत १० गिगाबिट नेते. पुढे नोड बदलले तरी भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही.